कुलूप लावलं का?



१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक तक्ता जोडलेला होता. कामावर असताना कोणता अवयव गेला तर माणसाची कमाईची क्षमता किती टक्के कमी झाली असे धरायचे, ते त्यात लिहिलेले होते. अंगठा गेला तर ३० टक्के. पूर्ण तर्जनी १४, मधले बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. एका हाताची चारही बोटे गेली तर ५०. भरपाईचा हिशेब करायला असा तक्ता लागतोच. पण शर्टाचे बटण लावणे, तबल्यावर हात बसवणे, मुलीची वेणी घालणे, यासाठी त्यात रकाना नव्हता.

आपल्या बेळगावात हा विषय परका नाही. उद्यमबाग आणि मच्छेच्या फाउंड्री, मशीन शॉप आणि हायड्रॉलिक्सच्या कारखान्यांवर कितीतरी मराठी घरे उभी राहिली. मी बी.ई. करून सॉफ्टवेअरमध्ये गेलो, तरी काम फिरून तिथेच आले. कारखान्यांतल्या मेंटेनन्सच्या नोंदी ठेवणारे सॉफ्टवेअर आमची टीम बनवते. त्यामुळे फिटर आणि इलेक्ट्रिशियन मंडळींशी रोजचे बोलणे असते.

त्यांच्या कामातली एक गोष्ट बाहेरून लक्षात येत नाही. मशीन चालवणाऱ्याच्या बोटांचे रक्षण करायला गार्ड असतो. मेंटेनन्सवाल्याला तोच गार्ड काढून आत हात घालावा लागतो. म्हणजे जिथे हात जाऊ नये म्हणून मशीन बनवणाऱ्याने जाळी लावली, नेमके तिथेच त्याचे काम असते.

आणि मशीन बंद दिसले म्हणजे ते निर्धोक झाले असे नव्हे. मेन स्विच पाडला तरी पॉवर प्रेसचे फ्लायव्हील काही वेळ फिरत राहते. वर थांबलेला रॅम स्वतःच्या वजनाने खाली येऊ शकतो. सिलिंडरमध्ये हवा कोंडलेली असते, हायड्रॉलिक लाइनमध्ये दाब असतो, स्प्रिंग ताणलेली असते. मोटरच्या ड्राइव्हमधल्या कपॅसिटरमध्ये वीज टिकून राहते. किती मिनिटे थांबायचे ते बहुतेक ड्राइव्हवरच्या लेबलवरच छापलेले असते. अडकलेला तुकडा निघाला की ही साठलेली ताकद सुटते, आणि तेव्हा हात आत असतो.

दुसरा धोका माणसाचा. आत कोणी आहे हे ठाऊक नसलेला सहकारी भल्या मनाने बटण दाबतो.

या दोन्हींवर जगभर मान्य झालेला उपाय अगदी साधा आहे. आधी सगळ्यांना सांगायचे. मशीन थांबवायचे. वीज, हवा, तेल यांचा पुरवठा मुळाशी तोडायचा. तिथे स्वतःचे कुलूप लावायचे, नावाची चिठ्ठी अडकवायची आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. साठलेला दाब सोडायचा, वर असलेल्या भागाला टेकू द्यायचा. मग स्टार्टचे बटण दाबून पाहायचे. मशीन हलले नाही, तरच हात आत. चार जण काम करत असतील तर चार कुलपे. ज्याचे कुलूप त्यानेच काढायचे.

याखेरीज काही लहान सवयी आहेत. दोन भागांची बोल्टची भोके जुळली का, हे बोट घालून पाहायचे नाही, त्यासाठी सळई किंवा पिन वापरायची. हातमोजे पत्रा उचलताना हवेतच, पण फिरत्या ड्रिलजवळ किंवा लेथजवळ नकोत. मोजा गुंडाळला गेला की सोबत हातही ओढला जातो. अंगठी, घड्याळ, मनगटातला दोरा आणि श्रावण संपला तरी न काढलेली राखी यांचेही तेच. आमचे काका फिटर होते. लग्नातली अंगठी देव्हाऱ्यात काढून ठेवूनच ते कामावर जात. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यानेही चालू मशीनजवळच्या अशा कामासाठी प्रशिक्षित माणूस आणि अंगाला घट्ट बसणारे कपडे सांगितले होते.

हायड्रॉलिक्सवाल्यांनी एक गोष्ट घरी मुद्दाम सांगावी. पाइपची गळती बोटाने चाचपायची नाही, पुठ्ठा धरून पाहायची. बारीक छिद्रातून उडालेले तेल दाबाने कातडीच्या आत शिरते. बाहेरून टाचणी टोचल्याइतकीच खूण दिसते, दुखतही नाही फारसे. पण ती शस्त्रक्रियेची तातडी असते, आयोडीन लावून घरी जायची जखम नव्हे.

आणि दुर्दैवाने बोट तुटलेच तर ते स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात घालू नये. जखमी माणसासोबत ते लगेच हॉस्पिटलला न्यावे.

आता आमच्या पिढीशी थोडे. आमच्या सॉफ्टवेअरमध्येही कामाच्या परवान्याचा रकाना आहे: 'मशीन आयसोलेट केले'. त्यावर टिक करायला एक सेकंद लागतो. पण त्या टिकने स्विच पडत नाही आणि दाब उतरत नाही. टिक ऑफिसात बसूनही होते. कुलूप लावायला मशीनपर्यंत चालत जावे लागते.

तिथे घाई येते कुठून? फिटरला स्वतःच्या बोटांची काळजी नसते असे कोणी म्हणू नये. लाइन थांबली की दर पाच मिनिटांनी फोन येतो, "किती वेळ लागेल?" हा फोन करणारे आज बहुधा तुमच्या-माझ्यासारखेच असतात. कोणी वडिलांचे वर्कशॉप सांभाळतो, कोणी प्लॅनिंगला आहे, कोणी पुण्याहून किंवा बंगळुरूहून स्क्रीनवर लाल दिवा पाहतो. कुलूप, दाब सोडणे, तपासणे याला काही मिनिटे जातात. ती मिनिटे मागायला फिटरला संकोच वाटतो. ती त्याला आधीच देऊन टाकणे आपल्या हातात आहे.

म्हणून पुढच्या ब्रेकडाउनला फोन कराल तेव्हा पहिला प्रश्न बदला. आधी विचारा, "कुलूप लावलं का?" उत्तर "अजून नाही" आले, तर म्हणा, "मग आधी ते करा. मी थांबतो."