मोहगावची हवा : अंदाज आणि मोजमाप

मोबाइलवर कोणत्याही गावाच्या हवेचा निर्देशांक दिसतो. मात्र जेथे मापनकेंद्र नाही, तेथे तो बहुधा संगणकीय प्रारूपाचा अंदाज असतो. सौंसर तालुक्यातील मोहगावसाठी हा भेद महत्त्वाचा आहे. शेजारच्या नागपूर जिल्ह्यात कोराडी व खापरखेडा येथे कोळशावरील वीजकेंद्रे आहेत आणि वारा राज्यांची सीमा पाळत नाही.

अंदाज तपासण्याची रीत युरोपने १९९४ मध्ये दाखवली. फ्रान्समधून ३४० किलो निरुपद्रवी वायू सोडून १७ देशांतील १६८ केंद्रांवर त्याचा माग घेण्यात आला आणि प्रारूपांची भाकिते त्याच्याशी ताडून पाहण्यात आली.

मोहगावसारख्या गावांत वर्षभर प्रत्यक्ष मापन झाले, तरच धूर कोठला व किती, हे ठरेल. तोवर दोन्ही राज्यांना जबाबदारी टाळणे सोपे राहील.