फी नाही, पण रोज बुडतो

उन्हाळ्याच्या सुट्टीत शहरातून चित्रांची शिबिरे भरतात. त्यांत आता एक नवी तऱ्हा निघाली आहे. आईबापांनी मुलांसह यावे, बदलत्या हवामानाविषयी बोलावे, पुढचे दिवस कसे असतील ते रंगवावे, आणि फी काही नाही. ही तऱ्हा आमच्या संभाजीनगर जिल्ह्यात अवश्य यावी. परंतु फी नाही म्हणजे फुकट, हा हिशेब शहरचा झाला. पैठणकडच्या खेड्यातल्या बाईने लेकरू घेऊन शहरास जावयाचे तर एस.टी.चे भाडे पडते आणि रोज बुडतो. विणकराचा माग त्या दिवशी बंद. मग शिबिरात कोण बसणार? ज्यांच्या घरी नळ आहे ते बसणार, आणि दुष्काळाची चित्रे तेच काढणार!

मी शाळामास्तर आहे. मुलांना चित्र काढा म्हटले की दोन डोंगर, मधून सूर्य, खाली तुडुंब नदी आणि काठी नारळ, हे ठरलेले. आमच्या नदीत संक्रांतीनंतर टिपूस नसतो, आणि नारळ मुलांनी पाहिला तो देवापुढे फुटताना. एकदा म्हटले, आपले गाव काढा. चौथीतल्या एका मुलीने टँकर काढला आणि पुढे हंड्यांची रांग. म्हटले, आता वीस वर्षांनंतरचे गाव काढ. तिने तोच टँकर मोठा करून काढला. त्या दिवशी मला पुढे शिकवावेसे वाटले नाही.

तिचे तरी काय चुकले? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातुरास आगगाडीने पाणी न्यावे लागले. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये जायकवाडीचे दरवाजे उघडावे लागले आणि गोदाकाठची उभी पिके पाण्याखाली गेली. दोन्ही ह्याच मराठवाड्यात. जोतीरावांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात डोंगरउतारावर ताली-बंधारे घालून पावसाचे पाणी जिरविण्याची योजना मांडली आहे. टँकरावाचून दुसरे गाव त्यांना दिसत होते. आमच्या पोरीला कोणी दाखविले नाही.

तेव्हा शिबिर खेड्यात आणा, तेही दिवेलागणीनंतर, शाळेच्या ओट्यावर. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी खडी फोडली आणि सुकडी खाल्ली, त्या म्हाताऱ्यांनी आधी बोलावे. कोणती विहीर केव्हा आटली, कोणता ओढा कोणी बुजविला, हे त्यांना तोंडपाठ आहे. मग पोरांनी काढावे. महागड्या रंगांवाचून अडत नाही. अजिंठ्याच्या भिंती चिखलाच्या गिलाव्याच्या आहेत, आणि त्यांवरचे बहुतेक रंग माती, चुना व काजळी यांचे. सारवण करणाऱ्या आमच्या बायकांना हे साहित्य नवे नाही. पैठणीवर मोर विणणाऱ्याला तर रेघ कोणी शिकवावी?

आणि ती चित्रे घरी गुंडाळून नेऊ नयेत. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा ग्रामसभेत मांडला जातो, तेव्हा ती भिंतीवर लावावीत. बंधारा कोठे हवा हे चौथीच्या पोरीने रंगवून दाखविल्यावर 'पुढच्या वर्षी पाहू' म्हणणे सरपंचांस जरा जड जाईल.

आमच्या शाळेची मागची भिंत कोरी आहे. चुना मी आणतो, गेरू कुंभारवाड्यातून मिळेल. कोणी शिकविणारा येत असेल तर त्याची भाकरी आमच्या घरी.