आउल : शहाणा की अपशकुनी?

म्हैसूरहून हुणसूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर येलवाल लागतं. तिथे राहणाऱ्या मराठी घरातल्या मुलाला एकच पक्षी तीन नावांनी भेटतो. घरात घुबड, शेजारी कानडीत गूबे आणि शाळेत आउल! पक्षी तोच, पण नावागणिक त्याचा स्वभाव बदलतो.

आधी उच्चार. हा शब्द ‘ओल’ नाही की ‘ऑल’ नाही. ‘आउल’ म्हणायचं, ‘फाउल’शी यमक जुळेल असं. मूळ शब्द बहुधा पक्ष्याच्या आवाजावरूनच आला. संस्कृतातला ‘उलूक’ आणि लॅटिनमधला ‘उलुला’ ऐकले, की घुमणारा तोच आवाज कानात येतो.

आता अर्थ. हिंदीत ‘उल्लू’ म्हणजे मूर्ख. मराठीतही आपण एकमेकांना उल्लू बनवतो. कानडीत डोक्यावर गूबे बसवणं म्हणजे नाहक दोष माथी मारणं. इंग्रजीत मात्र आउल म्हणजे शहाणा! ग्रीकांची विद्येची देवता अथीना, तिचा हा पक्षी. अथेन्सच्या जुन्या नाण्यांवरही तोच. म्हणून इंग्रजीत ‘वाइज अ‍ॅज अ‍ॅन आउल’ ही स्तुती ठरते. रात्री जागणारा ‘नाइट आउल’, तर गोल चष्मा लावलेला गंभीर चेहरा ‘आउलिश’. तेव्हा कुणाला मूर्ख म्हणायचं असेल, तर उल्लूचं भाषांतर करून ‘आउल’ म्हणू नका. समोरचा खूशच व्हायचा!

अर्थात, इंग्रजांनाही या पक्ष्याची भीती होतीच. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मध्ये राजाच्या खुनाच्या रात्री घुबडच ओरडतं. आणि आपल्याकडेही त्याला मान आहेच की! ते लक्ष्मीचं वाहन. वैशेषिक दर्शन रचणाऱ्या कणाद मुनींचं एक नाव उलूक, म्हणून त्या दर्शनाला ‘औलूक्य’ही म्हणतात.

हा खेळ नुसत्या शब्दांचा असता तर प्रश्न नव्हता. पण अपशकुनी ठरवलेल्या पक्ष्याला दगड बसतात. दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी घुबडं पकडली जातात, मारलीही जातात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा गुन्हा आहे. खरं तर घुबड शेतकऱ्याचा सोबती. गव्हाणी घुबड रात्रभर उंदीर टिपतं, धान्य वाचवतं.

आपला रानपिंगळाच पाहा. १८८४नंतर त्याचा खात्रीचा पुरावा नव्हता. तो नामशेषच झाला, असं अनेकांनी धरलं होतं. १९९७च्या नोव्हेंबरमध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी, शहादा परिसरात अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो जिवंत दिसला. तब्बल ११३ वर्षांनी!

मुलांना ‘आउल म्हणजे घुबड’ एवढंच पाठ करून घेऊ नका. ‘आणि ते कुणाचं वाईट करत नाही’ हेही जोडीला सांगा. इंग्रजी सुधारेलच, अंगणातल्या झाडावरचा पिंगळाही सुखाने राहील.