विद्यापीठाच्या ग्रंथालयात चित्रपट हवेत





विद्यापीठाच्या ग्रंथालयाने दर आठवड्याला एक चित्रपट मोफत दाखवावा आणि त्यावर चर्चा घ्यावी, असं सुचवलं की ठरलेलं उत्तर मिळतं: ‘सगळं मोबाइलवर आहे, मुलं कशाला येतील?’ मोबाइलवर चित्रपट मिळतो हे खरं. पण तो संपल्यावर ‘मला हे पटलं नाही’ म्हणणारा माणूस शेजारी नसतो, आणि विद्यार्थ्याला गरज त्याचीच असते.

हे काम ग्रंथालयानेच करायला हवं. विभागाच्या सभागृहात त्या विभागाचीच मुलं जमतात. ग्रंथालयात भौतिकशास्त्राचा विद्यार्थीही हक्काने येतो. शिवाय पुस्तकं तिथेच असतात. जब्बार पटेलांचा ‘सिंहासन’ (१९७९) पाहून उठलेल्या मुलीच्या हाती त्याच संध्याकाळी अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन्ही कादंबऱ्या देता येतील. दोन कादंबऱ्यांतून विजय तेंडुलकरांनी एक पटकथा कशी उभी केली, काय घेतलं, काय सोडलं, यावर मुलं तास-तास भांडतील. अमोल पालेकरांचा ‘बनगरवाडी’ आणि व्यंकटेश माडगूळकरांची कादंबरी यांचंही तसंच.

गंभीर चित्रपटाला प्रेक्षक मिळत नाही, असं मानणाऱ्यांनी कर्नाटकातल्या हेग्गोडूची आठवण ठेवावी. सुपारीच्या बागांमधलं हे लहानसं गाव. तिथे के. व्ही. सुब्बण्णांच्या ‘नीनासम’ या संस्थेने गावकऱ्यांना जगातले उत्तम चित्रपट दाखवले, रसास्वादाची शिबिरं घेतली. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे सतीश बहादूर तिथे शिकवायला जात. खेड्यातल्या माणसांना जे रुचलं, ते पदव्युत्तर विद्यार्थ्यांना झेपणार नाही असं समजणं हा त्या विद्यार्थ्यांचा अपमान आहे. पुण्यातल्या मुलांना १९६४ पासूनचं चित्रपट संग्रहालय आणि फिल्म इन्स्टिट्यूट हाकेच्या अंतरावर आहेत. नांदेड, जळगाव, गडचिरोलीच्या मुलांनी काय करायचं? त्यांच्यासाठी विद्यापीठाचं ग्रंथालय हीच जागा आहे.

स्वामित्वहक्काची अडचणही पुढे केली जाते. १९५७ च्या कायद्याचं कलम ५२ शैक्षणिक संस्थेला तिच्या उपक्रमाचा भाग म्हणून चित्रपट दाखवायची मुभा देतं. अट एवढीच, की प्रेक्षक म्हणजे तिथले विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं असावीत. गावातल्या इतर रसिकांनाही बोलवायचं असेल तर हक्कधारकाची रीतसर परवानगी घ्यावी. मला वाटतं, ती घ्यावीच.

दोन गोष्टी मात्र सांभाळाव्यात. खेळ दुपारी सुरू करावा, नाहीतर ऐन चर्चेच्या वेळी बाहेरगावची मुलं, विशेषतः मुली, शेवटची एसटी गाठायला उठतात. आणि दीपप्रज्वलन, सत्कार, प्रमुख पाहुण्यांचं भाषण यांना पूर्ण फाटा द्यावा. चित्रपट संपल्यावर पहिला शब्द विद्यार्थ्याचा असावा. प्राध्यापकांनी शेवटी बोलावं, तेही थोडक्यात.

प्रोजेक्टर आणि सभागृह बहुतेक विद्यापीठांकडे आहेतच. थांबणाऱ्या कर्मचाऱ्यांना जादा वेळेचा मोबदला लागेल, तो ग्रंथालयाच्या अंदाजपत्रकात धरावा. विद्यार्थ्यांकडून तिकीट किंवा नोंदणी शुल्क घेऊ नये. राज्यातल्या कुलगुरूंना आणि ग्रंथपालांना माझी विनंती आहे की येत्या सत्रापासून हा उपक्रम सुरू करावा, आणि वर्षभराच्या चित्रपटांची यादी विद्यार्थ्यांनाच ठरवू द्यावी.

– एक निवृत्त प्राध्यापक, नांदेड