दुखत नाही म्हणून

लघवीतून रक्त आले की मराठवाड्यात पहिला संशय मुतखड्यावर जातो. इथला उन्हाळा पाहता तो वावगा नाही. पुष्कळदा खडा किंवा जंतुसंसर्गच निघतो. पण खडा बहुधा कळा देतो, मूत्राशयाचा कर्करोग मात्र अनेकदा न दुखता रक्त दाखवतो आणि ते आपोआप थांबतेही. तंबाखू हे त्याचे मोठे कारण. बिडी ओढणाऱ्याला फुप्फुसाची भीती सगळे घालतात, मूत्राशयाची कोणी घालत नाही! पुरुषांचे याच भागातले इतर कर्करोग वेगळे वागतात. प्रोस्टेटचा कर्करोग उतारवयातला, बरेचदा संथ. वृषणाचा ऐन तारुण्यातला, पण वेळीच उपचार झाले तर बहुतांशी बरा होणारा. या सगळ्यांची सारखीच धास्ती घेणे चूक. छत्रपती संभाजीनगरात शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. पण लघवीत न दुखता रक्त एकदाच दिसले, तरी तपासणी करून घ्या.