सामाईक निधी, बेवारस जबाबदारी

अमेरिकेने आपले परराष्ट्र-साहाय्याचे खाते १ जुलै २०२५ रोजी गुंडाळले, ब्रिटनने साहाय्याचे प्रमाण राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यावरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यावर आणण्याचे ठरविले, आणि दुर्बल राष्ट्रांच्या सामाईक निधीत घातलेला पैसा बुडतोच, हा सिद्धान्त आता मोठ्या गांभीर्याने सांगितला जाऊ लागला. सिद्धान्त सोयीचा आहे, खरा नाही. पैसा एकत्र केल्याने बुडत नाही, जबाबदारी बेवारस राहिल्याने बुडतो.

अफगाणिस्तानचा पुनर्रचना निधी २००२ मध्ये जागतिक बँकेच्या देखरेखीखाली स्थापन झाला. पुढे चौतीस दात्यांनी त्यात सुमारे तेरा अब्ज डॉलर घातले, शिक्षकांचे पगार सरकारी खजिन्यामार्फत निघू लागले. प्रत्येक दात्याने काबुलात आपली निराळी कचेरी थाटून तिथलेच हुशार कारकून पळविण्यापेक्षा हे शतपटीने बरे होते. परंतु देखरेख अपुरी आहे, असे २०१८ मध्ये अमेरिकेच्याच लेखापरीक्षकांनी बजावले, तरी त्यापायी कोणा बड्या अधिकाऱ्याची खुर्ची हलल्याचे ऐकिवात नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान येताच निधीचा ओघ थांबला. डिसेंबरात अठ्ठावीस कोटी डॉलर सुटले, ते संयुक्त राष्ट्रांच्या दोन संस्थांकडे वळवून. मधल्या महिन्यांत चूल कशी पेटली, याचा जाब शिक्षकाने कोणास विचारावयाचा?

सुरतजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीत बसून काबुलची उठाठेव कशाला, असे कोणी म्हणेल. आमच्या वसाहतीतही गिरण्यांच्या सांडपाण्यासाठी सामाईक शुद्धीकरण केंद्र आहे; तरी ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे एका टँकरने घातक रसायन नाल्यात सोडले आणि विषारी वायूने सहा कामगारांचा बळी घेतला. नाला सर्वांचा, म्हणूनच पहाऱ्यास कोणाचाच नव्हता. तथापि त्यानंतर सामाईक केंद्रच मोडून टाका, असे सुचविण्याइतका शहाणा येथे कोणी निघाला नाही. टँकर कोठून आला, कोणी पाठविला, याचा माग काढून अटका झाल्या. वॉशिंग्टन आणि लंडन मात्र चोराचा माग काढण्याऐवजी घरच पाडावयास निघाले आहेत.

निधी सामाईकच ठेवा, पण हप्त्यागणिक उत्तरदायी माणूस नेमा. आमच्याकडे रेशनच्या दुकानाबाहेर साठ्याचा फळा लावावा लागतो. तसा फळा निधीवर चालणाऱ्या प्रत्येक शाळेच्या भिंतीवर, तिथल्या भाषेत टांगा. आणि पगार अडला, तर तो कोणी अडविला त्याचे नाव त्यावर खडूने लिहा.