रोगाचा शोध घ्या, जातीचा नव्हे

शाळेत एकाच दिवशी वीस-पंचवीस मुलांना उलट्या व जुलाब सुरू झाले, की गावात पहिला प्रश्न निघतो तो 'आज खिचडी कोणी शिजविली?' हा. प्रश्न गैर नाही. परंतु चौकशीपूर्वीच ज्याचा निवाडा तयार असतो, तो तपास नव्हे. तो जुनाच विटाळ होय. महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांतून मुलांना शाळेत धाडणाऱ्या आमच्या वाचकांनी या बाबतीत सावध असले पाहिजे.

अमेरिकेतील ओहायो राज्यात नॉरवॉक येथील एका प्राथमिक शाळेत १९६८ च्या ऑक्टोबरात दोन दिवसांत सुमारे निम्मे विद्यार्थी व शिक्षक आजारी पडले. मागाहून त्यांच्या घरच्यांपैकी जवळजवळ एकतृतीयांश माणसांना तीच बाधा झाली. प्रयोगशाळेत रोगाचे कारण असा कोणताही जंतू सापडेना. तथापि तपासणाऱ्यांनी नमुने जपून ठेवले, आणि त्यांच्याच आधारे १९७२ साली डॉ. आल्बर्ट कपिकियन यांनी तो विषाणू शोधून काढला. आज त्यास नोरोव्हायरस म्हणतात. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यातील काक्कनाडच्या शाळेत जानेवारी २०२३ मध्ये हाच विषाणू आढळला.

हा विषाणू अन्नातून, पाण्यातून, हातांतून व रोग्याच्या वांतीतूनही पसरतो. शरीरात शिरल्यावर लक्षणे दिसावयास बहुधा १२ ते ४८ तास लागतात. यास्तव दुपारी जेवून तासाभरात वांती झालेल्या मुलास त्याच जेवणातून ही बाधा झाली, असे म्हणता येत नाही. आदल्या दिवशीचे पाणी, घरचे वा लग्नाचे जेवण, वर्गातील आजारी सोबती, या साऱ्यांचा विचार केलाच पाहिजे.

कायदा याविषयी मुका नाही. सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २००४ च्या आदेशात शालेय भोजनाच्या स्वयंपाकी व मदतनीस पदांसाठी दलितांना प्राधान्य द्यावे असे सांगितले. तरीही उत्तराखंडातील सुखीढांग येथे डिसेंबर २०२१ मध्ये दलित स्वयंपाकिणीच्या हातचे अन्न सवर्ण मुलांनी नाकारले व तिला कामावरून दूर करण्यात आले. तेथे रोगाचे निमित्तही लागले नाही. निमित्त मिळाल्यावर काय होईल, हे निराळे सांगावयास नको.

महाडला हा धडा नवा नाही. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यावर विरोधकांनी पंचगव्य ओतून तळे 'शुद्ध' केले. पुढे वाद न्यायालयात गेला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला, तो अनादिकालीन रूढी सिद्ध झाली नाही म्हणून. जो आरोप करतो त्याने तो सिद्ध करावा, हे तत्त्व स्वयंपाकघरातील बाईलाही लागू आहे. पंचगव्याने कोणताही विषाणू मरत नाही. आणि ज्या पाण्यात तो असेल ते कोणत्याही जातीच्या मुलास सोडीत नाही.

म्हणून पालकांनी पुढील गोष्टी कराव्यात. प्रत्येक आजारी मुलाचे नाव, लक्षणे सुरू झाल्याची वेळ आणि मागील तीन दिवसांचे खाणेपिणे लिहून काढावे. शाळेत न जेवलेली मुलेही आजारी आहेत काय, ते मुद्दाम विचारावे. प्राथमिक आरोग्य केंद्रास तात्काळ कळवून पाण्याचे व शौचाचे नमुने घेण्याची लेखी मागणी करावी व अर्जाची पोच ठेवावी. मुलांना जीवनजल वरचेवर पाजावे. लघवी थांबली, ग्लानी आली वा शौचात रक्त दिसले, तर दवाखाना गाठावा. हात साबणाने धुवावेत, कारण हाताला चोळावयाच्या मद्यार्कयुक्त औषधाचा या विषाणूवर फारसा उपयोग होत नाही.

स्वयंपाकीण स्वतः आजारी असेल, तर लक्षणे थांबल्यावरही ४८ तास तिने कामावर येऊ नये. मात्र त्या दिवसांचे मानधन कापू नये. मानधन बुडण्याच्या भीतीने आजार लपविला जातो व त्याची झळ मुलांनाच लागते.

मुलांना शाळेत सुरक्षित पाणी मिळावे, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंधनकारक केले आहे. जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुरात बुडालेल्या महाडास आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या पोलादपूरच्या वाड्यांना या तरतुदीचे मोल कोणी शिकवावयास नको. पाण्याचा हक्क आपण ज्या गावी मागितला, त्या गावी पाण्याची तपासणी मागण्यास कचरू नका. तपासाचा अहवाल हाती येईपर्यंत कोणालाही दोषी ठरवू नका. आपल्या माणसास नको, तसेच परक्यासही नको.